जुन्या गाडीचा पार्ट कुणाच्या हातात द्यायचा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अँबॅसेडर, हेराल्ड, जुनी जीप असं काहीतरी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जपून ठेवणारी माणसं ठाण्यात आणि खाडीपलीकडे वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत. त्यांचे फोन येतात, निरोप येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी मिस्त्री नाही. १९७६ची पद्मिनी सांभाळताना जे शिकलो, आणि शिकताना जे पैसे घालवले, त्यावरून ही उत्तरं दिली आहेत.

१. रीबिल्डर म्हणजे नक्की कोण? आमचा नाक्यावरचा मिस्त्रीही पार्ट खोलून दुरुस्तच करतो की.

करतो, आणि पुष्कळदा छान करतो. फरक आहे तो मोजमापाचा. मिस्त्री पार्ट खोलतो, पेट्रोलने धुतो, किट (नव्या रबर-गॅस्केटचा संच) टाकतो, चालला की बसवतो. रीबिल्डर तोच पार्ट पूर्ण सुटा करतो, झिजलेली प्रत्येक जागा मोजतो, बुश किंवा स्लीव्ह (आत दाबून बसवायची नवी नळी) घालून ती मूळ मापाला आणतो आणि परत देण्याआधी बेंचवर चालवून बघतो.

माझी कसोटी सोपी आहे. काम टाकताना विचारा, ‘किती झिजलंय?’ ‘बहुत घिस गया है साहेब’ असं उत्तर आलं तर तो मिस्त्री. ‘चार थाउ ओव्हल आहे, वीसच्या पिस्टनला जाईल’ असं आलं आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून मिळाला, तर तो रीबिल्डर. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) बोर्डावर काय रंगवलंय याच्याशी याचा काही संबंध नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले पहिल्या दर्जाचे रीबिल्डर मी पाहिलेत. काचेच्या ऑफिसात ‘रिस्टोरेशन’ची कॉफी पाजून काम गुपचूप त्याच शेडमध्ये पाठवणारेही पाहिलेत.

२. माझी १९९६ची गाडी ‘क्लासिक’ म्हणायची की नुसती जुनी?

जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांच्या पुढच्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणते, म्हणजे तुमची उंबरठ्यावर आहे. आपल्या सरकारची ‘व्हिंटेज’ची व्याख्या वेगळी आहे, ती प्रश्न १९मध्ये. पार्ट कुठे द्यायचा हे ठरवताना मात्र या बिरुदाचा उपयोग नाही. तो पार्ट बाजारात नवा मिळतो की नाही, एवढंच बघायचं.

३. मग कुठलं काम नाक्यावर करायचं आणि कुठलं बाहेर पाठवायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो अख्ख्या गाडीबद्दल विचारतात: ‘गाडी कुणाकडे देऊ?’ गाडी एकाकडेच राहू द्या. निर्णय घ्यायचा तो एकेका पार्टचा.

मी तीन गोष्टी बघतो. एक, चूक झाली तर परत फिरता येतं का? टॅपेट चुकीचा सेट झाला तर उद्या परत करता येतो. क्रँक जास्त घासला गेला तर घासलेलं लोखंड परत चिकटत नाही. दोन, तो पार्ट चालत्या गाडीत दगावला तर काय होईल? सेल्फ गेला तर धक्का मारू, ब्रेक गेला तर कुणाला हाक मारणार? तीन, तसाच दुसरा पार्ट मिळेल का?

या हिशोबाने तेल, प्लग, पॉइंट, टॅपेट, क्लच प्लेट बसवणं, पाटे उतरवणं-चढवणं, वॉटर पंप, सायलेन्सर ही नाक्यावरची कामं. ब्रेकच्या मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचं स्लीव्हिंग, कार्बोरेटरचे बुश, बोअर, क्रँक, हेड, डायनामोचं आर्मेचर आणि मीटर ही बाहेरची. स्टिअरिंग बॉक्स मधोमध येतो. नुसता प्ले काढायचा असेल तर मिस्त्री, आतला वर्म खाल्ला असेल तर रीबिल्डर. पण काढणं आणि परत बसवणं नेहमी तुमच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. गाडीत तो पार्ट कसा बसतो हे त्यालाच ठाऊक असतं.

४. टॅक्सी दुरुस्त करणारे मिस्त्री पद्मिनीचे खरे तज्ज्ञ नाहीत का?

आहेत, नव्हे होते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी डोळे मिटून खोलू शकणारी माणसं या टॅक्सींमुळेच घडली. आता ती माणसं गावाला गेली, रिक्षांच्या कामाला लागली किंवा थकली. टॅक्सी गेल्यावर पार्टचा खपही गेला.

पण टॅक्सीच्या मिस्त्रीचा धर्म वेगळा होता हेही ध्यानात घ्या. दुपारी बंद पडलेली गाडी रात्रपाळीला रस्त्यावर हवी. त्यासाठी त्याने जे केलं ते त्या वेळी बरोबरच होतं. झिजलेल्या शाफ्टला कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची शिम घालणं ही कलाच आहे. तुम्हाला मात्र गाडी पुढची वीस वर्षं हवी आहे. अशा माणसाकडून निदान करून घ्या, त्याचा कान लाखमोलाचा आहे. रीबिल्डिंग करून घ्यावं का, हे प्रश्न १च्या कसोटीने ठरवा.

५. ठाणे-नवी मुंबईत असं काम करणारे शोधायचे कुठे?

नावं देत नाही, कारण माणसं जागा बदलतात आणि पोरं धंदा बदलतात. परिसर सांगतो.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तरी आतल्या गल्ल्यांत लेथ, ग्राइंडिंग, हार्ड क्रोम, आर्गन वेल्डिंगची जॉबवर्क अजून चालतात. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे, महापे, तुर्भे इथे तसंच. बुश बनवणं, शाफ्ट बनवणं, आटे नव्याने पाडणं ही कामं तिथे होतात, पण नमुना आणि माप तुम्ही द्यायचं. त्यांना पद्मिनी काय आणि कापडगिरणीचा पंप काय, सारखंच. कळंबोलीला ट्रकचा कारभार असल्याने पाटे, ड्रम टर्निंग आणि जाड कामाला माणसं मिळतात. नाजूक काम तिथे नेऊ नका. जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि नव्यांसाठी ऑपेरा हाउस, हे अजून टळलेलं नाही.

खरा रीबिल्डर मात्र पत्त्याने सापडत नाही, तो जुन्या गाडीवाल्यांकडून कळतो. रॅलीच्या दिवशी बॉनेट उघडं ठेवून उभ्या असलेल्या माणसाला विचारा. तो सगळं सांगतो, थांबवावं लागतं.

६. मास्टर सिलिंडर गळतोय. मिस्त्री म्हणतात पॉलिश पेपर मारून किट टाकू. चालेल?

बोअर (सिलिंडरचं भोक) आतून आरशासारखा असेल तर चालेल. बोटाच्या नखाला खड्डा लागत असेल तर चालणार नाही. नवं रबर त्या खड्ड्यावरून रोज जाईल आणि काही महिन्यांत पुन्हा गळेल. पेपर मारून खड्डा जाईपर्यंत घासलं तर बोअर मोठा होतो आणि रबर सैल बसतं.

इथे रीबिल्डर काय करतो ते समजून घ्या. तो बोअर मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह दाबून बसवतो आणि ती आतून होन करून मूळ मापाला आणतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत अशी स्लीव्ह लोखंडी बोअरपेक्षा कितीतरी जास्त टिकते, कारण ती गंजून खड्डे पडत नाहीत. सगळी मेख आहे ती मास्टरमधल्या एका बारीक छिद्रात, जे मिलिमीटरभरही रुंद नसतं. पाय उचलला की दाबलं गेलेलं ऑइल त्यातून टाकीत परततं. स्लीव्ह घातल्यावर हे छिद्र पुन्हा अचूक जागी पाडावं लागतं आणि आतली धार घासून काढावी लागते. ते बुजलं किंवा चुकीच्या जागी पडलं तर ब्रेक सुटत नाहीत. ड्रम तापतात, ऑइल फुगतं, ब्रेक अजून आवळले जातात आणि गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जागच्या जागी जाम होते. धार राहिली तर नवं रबर पहिल्याच आठवड्यात कापलं जातं.

माझ्या बाबतीत हेच झालं. स्लीव्ह उत्तम बसवली होती, छिद्र अर्धं बुजलेलं. गायमुखच्या उतारावर चारही चाकं धरली. तेव्हापासून काम परत आलं की मी टाकीचं झाकण उघडून पेडल हलकेच दाबायला लावतो. दाबताना टाकीत बारीक कारंजं उडालं तर छिद्र मोकळं आहे. डोळे लांब ठेवा आणि रंगावर उडू देऊ नका, ब्रेक ऑइल रंग खातं.

जुन्या गाड्यांत बहुधा ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक रबर गेलं की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून या एका पार्टवर काटकसर नको. रबर पेट्रोलने किंवा डिझेलने कधी धुऊ नका, ती फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा. आणि ते ऑइल हवेतला ओलावा शोषत असल्याने दर दोन वर्षांनी बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

७. ब्रेक शूचे लायनर मात्र इथेच बसवून मिळतात ना?

मिळतात आणि चांगले मिळतात. शू ड्रमच्या गोलाईला जुळवून घासून देणारा शोधा. एक गोष्ट हट्टाने करा: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, तेव्हा ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा. मिस्त्री हसतील, हसू द्या.

८. सोलेक्स कार्बोरेटरला दोनदा किट टाकलं, तरी आयडलिंगला गाडी वरखाली होते. आता?

किटमध्ये जे येतच नाही ते झिजलं असणार: थ्रॉटल शाफ्ट. पाकळी ज्या दांड्यावर फिरते तो दांडा आणि त्याचं भोक चाळीस-पन्नास वर्षांत झिजतं, तिथून हवा आत शिरते आणि मिक्श्चर हवं तसं बसत नाही. तपासणी घरी होते. इंजिन चालू ठेवून शाफ्टच्या टोकाशी कार्बोरेटर क्लीनरचा हलका फवारा मारा, इंजिन थंड असतानाच. आवाज बदलला तर गळती तिथेच.

उपाय बुशचा. दोन्ही बाजूची भोकं एका रेषेत रीम करून पितळी बुश घालायचे, नवा शाफ्ट बसवायचा. रेष केसभर चुकली तर पाकळी अडकते आणि ॲक्सिलरेटर सुटत नाही. म्हणून हे काम कार्बोरेटरवाल्याचं. लेथवाल्याला दिलंत तर मनगटी घड्याळ कुलूपवाल्याला दिल्यासारखं होईल.

मिस्त्रीला एक विनंती करा: जेटमध्ये तार घालू नका. सोलेक्सच्या मुख्य जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२०चा जेट म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेने घासलेला १२० हा १२० राहत नाही, आणि कोरलेला आकडा मात्र तोच सांगत राहतो. फ्लँजचे नट ताकदीने आवळल्याने कार्बोरेटरचा तळही वाकतो. काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा.

९. ई-२० पेट्रोलमुळे जुन्या गाडीचा कार्बोरेटर आणि पंप खराब होतो का? रीबिल्डरला काय सांगू?

ई-२०मधलं वीस टक्के इथेनॉल जुनं रबर फुगवतं, बुचाचे गॅस्केट आणि फ्लोट खराब करतं आणि पाणी धरतं. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत तळाला पाणी साचून गंज धरतो. म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल सहन करणारंच टाका असं लिहून द्या, आणि पेट्रोलचे रबरी पाइप आजच्या इंजेक्शन गाड्यांचे घाला. हे पाइप बदलणं मिस्त्रीचं काम, अर्ध्या तासाचं. आग लागण्याचा धोका इथेच असल्याने आधी हे करा, कार्बोरेटर नंतर.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिक्श्चर थोडं पातळ पडतं. प्लग पांढरे दिसत असतील, चढावर गाडी ओढत नसेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा करावा लागू शकतो. तो विकत घ्यायचा. तारेने ‘मोठा’ करायचा नाही, प्रश्न ८ पाहा.

१०. डायनामो रीवाइंड करून आणला, बसवला, तरी चार्जिंग शून्य. रीबिल्डरने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. डायनामोला सुरुवात करायला थोडं शिल्लक चुंबकत्व लागतं. खोलल्यावर किंवा वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर ते जातं किंवा उलटं होतं. बसवल्यानंतर, इंजिन चालू करण्याआधी, डायनामोच्या दोन्ही वायरी काढून बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर ‘एफ’ टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. ठिणगी पडते, पडू द्या. हे अल्टरनेटरला कधीही करू नका.

जिवंत टोक कुठलं, हीच इथली गोम. जुन्या मॉरिस आणि त्याच वंशाच्या गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे. आजच्या वायरमनचा हात सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडतो. रीबिल्डरकडे टाकताना गाडीचा ‘अर्थ’ (बॅटरीची बॉडीला जोडलेली बाजू) कुठला ते सांगा आणि डायनामोवर चिठ्ठी चिकटवा.

तरीही चार्जिंग नसेल तर डायनामो निर्दोष धरून कटआउट (डायनामो आणि बॅटरीच्या मधली, चार्जिंग सांभाळणारी पेटी) तपासा. तो सेट करणं मीटर हातात असलेल्याचंच काम आहे. पत्र्याच्या पट्ट्या पकडीने वाकवणाऱ्याला हात लावू देऊ नका.

११. मग सरळ अल्टरनेटरच बसवला तर?

रोज चालवायची असेल, पावसात वायपर आणि हेडलाइट एकत्र लागत असतील, तर बसवा, मी नावं ठेवणार नाही. लुकासचा सी-४० डायनामो साधारण २२ अँपिअर देतो, तेही इंजिन फिरत असताना. तीन हात नाक्याच्या सिग्नलला आयडलिंगवर जवळजवळ काहीच देत नाही. हे काम वायरमन करू शकतो. पॉझिटिव्ह अर्थची गाडी आधी निगेटिव्ह करून घ्यावी लागते. जुना डायनामो, ब्रॅकेट आणि कटआउट फडक्यात गुंडाळून घरी ठेवा.

१२. धूर निघतो, ‘हाफ इंजिन’ करायला सांगितलंय. बोअर कुठेही मारला तरी सारखाच ना?

अजिबात नाही.

पहिली गोष्ट, आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर मारा, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करा. पिस्टन मोजून, त्याला लागेल तेवढी जागा ठेवून ब्लॉक कापायचा असतो. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं: ‘चाळीसचा मारून ठेवलाय, पिस्टन बघा कुठे मिळतो.’ पद्मिनीचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, १४८९ सीसी अँबॅसेडरचा सुमारे ७३. ओव्हरसाइज पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस थाउ अशा पायऱ्यांनी येतात. प्रत्येक पायरी म्हणजे इंजिनचं एक आयुष्य. वीसने भागत असताना ‘पिस्टन लगेच मिळतोय’ म्हणून चाळीसवर उडी मारली, तर एक आयुष्य फुकट गेलं. शेवटच्या पायरीनंतर ब्लॉकला स्लीव्ह हाच उपाय उरतो.

क्रँकचं याहून नाजूक. जर्नल जिथे भिंतीला मिळतो तिथे कोपऱ्यात गोलाई असते. घाईत घासणारा ती सरळ कोपऱ्यात कापतो, बेअरिंग सुरेख बसतं आणि काही हजार किलोमीटरनंतर क्रँक तिथूनच चिरतो. ग्राइंडिंग झाल्यावर कोपऱ्यावरून बोट फिरवून बघा. ऑइलच्या भोकांच्या कडा मऊ केल्यात का, आतले मार्ग ग्राइंडिंगच्या गाळातून साफ झालेत का, हेही विचारा. हा गाळ राहिला तर नवी बेअरिंग पहिल्या दिवसापासून घासली जातात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांत बहुधा बेअरिंग सुटं नसून बॅबिट धातू ओतून बनवलेलं असतं. ते ओतणारे मोजके आहेत, तिथे पर्यायाचा प्रश्नच येत नाही.

इंजिन जुळवणं तुमच्या मिस्त्रीने करायला हरकत नाही, टॉर्क पाना असेल तर. ‘हाताला कळतं’ हे खरं असतं, पण हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळताना हातापेक्षा पाना बरा.

१३. अनलेडेड पेट्रोलसाठी हेडमध्ये कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवायला सांगतात. गरज आहे का?

पेट्रोलमधलं शिसं या सीटची झीज रोखायचं, आणि देशभर शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २०००पासून बंद आहे. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. काळजी अँबॅसेडरसारख्या बिडाच्या हेडवाल्यांनी करायची, कारण तिथे सीट हेडमध्येच कापलेली असते. त्यांनीही आधी टॅपेटची गॅप लिहून ठेवायला सुरुवात करावी. एक्झॉस्टची गॅप पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट खचतेय, तेव्हा हेड उतरवा. गॅप टिकून असेल तर गप्प बसा. आखीवरेखीव चालणारं हेड केवळ भीतीपोटी उघडायचं नसतं.

१४. रेडिएटर?

स्थानिक माणूस. तांब्या-पितळेचा रेडिएटर खोलून रॉडने साफ करणारे, नवा कोर टाकणारे आपल्याकडे अजून आहेत. ‘ॲल्युमिनियमचा नवा घाला’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. बोअरवेलचं पाणी मात्र घालू नका. सोसायटीच्या टाकीत कुठलं पाणी येतं ते विचारा.

१५. ‘तुमचा जुना द्या, आमचा तयार घेऊन जा’ असं म्हणतात. वेळ वाचतो. घ्यावं?

बाजारात खच पडलेल्या पार्टसाठी घ्या. तुमच्या गाडीसोबत आलेला कार्बोरेटर, डायनामो, डिस्ट्रिब्युटर, मीटर असल्या गोष्टींसाठी कधीच नाही. तुमच्या पार्टचा इतिहास तुम्हाला ठाऊक असतो. बदल्यात आलेला कुणाच्या भंगारातून वर आला हे देवाला ठाऊक. शिवाय एकाच मॉडेलचे पार्ट वर्षागणिक बदललेत, बाहेरून जुळे आणि आतून वेगळे.

म्हणून देण्याआधी आतल्या बाजूला पंचने दोन ठिपके मारा आणि फोटो काढा. हे मी ठिपके न मारता एकदा शिकलो. परत आलेल्या कार्बोरेटरचा चोक माझा नव्हता.

१६. चांगला रीबिल्डर दुसऱ्या शहरात आहे. कुरियरने पाठवणं सुरक्षित आहे?

आहे, पण पार्ट पूर्ण रिकामा हवा. पेट्रोल-तेलाचा थेंबही नको. पाठवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, सोबत कागदावर गाडीचं मॉडेल, वर्ष, तक्रार काय आणि काय करायचं ते. ‘काढलेले सगळे जुने भाग परत पाठवा’ ही ओळ शेवटी लिहाच. झिजलेला शाफ्ट हातात आला की काम खरंच झालं हे कळतं. आणि तीन महिने लागतील म्हणाले तर सहा धरा. पावसाळ्याच्या तोंडाशी पाठवा, तशीही गाडी झाकलेलीच असते.

१७. त्यापेक्षा इंग्लंडहून नवाच मागवला तर?

ब्रिटिश वंशाच्या गाड्यांना ते शक्य आहे. अँबॅसेडरचं १४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं, एमजीए १५०० या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही तेच घराणं. त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांसाठी बनणारे कितीतरी भाग चालतात. सगळे मात्र नाहीत, तेव्हा पार्ट नंबर जुळवा आणि कस्टम्सचा खर्च धरूनच तुलना करा. नवं म्हणजे चांगलं असंही नाही. नव्याने बनवलेल्या कंडेन्सरपेक्षा पन्नास वर्षांचा मूळ कंडेन्सर जास्त दिवस चालल्याचं मी पाहिलंय. आणि बसवताना आटे तपासा: मॉरिस-अँबॅसेडरचे बहुतेक इंची, फियाटचे मेट्रिक. ‘थोडं आवळ, बसेल’ हे वाक्य ऐकू आलं की हात धरा.

१८. पार्ट बाहेर पाठवला तर आमच्या मिस्त्रींना वाईट वाटतं. बारा वर्षांचा संबंध आहे.

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. आमच्या मिस्त्रींना सगळा नाका चाचा म्हणतो. मी पहिल्यांदा कार्बोरेटर न सांगता बाहेर दिला तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्यांदा त्यांनाच विचारलं, ‘चाचा, याचे बुश कुणाकडून करून घेऊ?’ त्यांनीच माणूस सांगितला, स्वतः पार्ट काढून दिला आणि परत आल्यावर तपासताना दोन चुका काढल्या. खऱ्या चुका.

त्यांना काढण्या-बसवण्याची मजुरी पूर्ण द्या, घासाघीस नको. आणि पार्ट चालला नाही तर दोष त्यांचा नाही हे आधीच बोलून टाका. बाकी रुसवा दोन चहांत जातो.

१९. बोअर मारल्याने किंवा ब्लॉक बदलल्याने आरटीओत अडचण येते का? आणि ‘व्हीए’ नंबरचं काय?

बोअर, स्लीव्ह, क्रँक याने इंजिन नंबर बदलत नाही, काही करावं लागत नाही. ब्लॉकच बदलला तर नंबर बदलतो आणि तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. गाडी एमएच-०४ असो वा एमएच-४३. दुसऱ्या ब्लॉकचं बिल जपून ठेवा. नंबर घासून जुना कोरून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा. तो सरळ गुन्हा आहे. ब्लॉकचा पृष्ठभाग प्लेन करताना नंबरची पट्टी घासली जाऊ नये हेही बजावून सांगा.

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेजची सोय झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली. नवी नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ येतं, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. फेरनोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. या वाटेने जायचं असेल तर मूळ पार्ट रीबिल्ड करून घेण्याला वजन येतं आणि दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवण्याचा विचार सोडावा लागतो. दर रविवारी उपवनला चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं बरं. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदीचा जो गाजावाजा ऐकता, तो दिल्ली परिसरातला आहे.

२०. काम बिघडवलं आणि आता फोन उचलत नाहीत. पैसे परत मिळतील?

बिल असेल तर आशा आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण आयोग कागद मागतो. ‘इंजिन काम – एकूण’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीवर काही सिद्ध होत नाही. काय केलं, कुठलं माप झालं, कुठला भाग घातला हे बिलावर हवं. प्रश्न १मधला आकडा इथे पुन्हा कामाला येतो. नाक्यावरच्या मिस्त्रीबाबत तक्रारीची वेळ सहसा येत नाही. त्याला रोज तुमच्या समोरूनच जायचं असतं.

२१. रीबिल्डर म्हणतो कार्बोरेटर ठीक आहे, इंजिन गेलंय. मिस्त्री म्हणतो इंजिन ठणठणीत, कार्बोरेटर बोगस. कुणाचं ऐकू?

गेजचं. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन लिहा. चारही आकडे जवळपास सारखे आणि भरपूर असतील तर इंजिनवर आळ घेऊ नका, कार्बोरेटर परत पाठवा. एखादा खूप कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हे दोघांनाही समोर उभं करून करा, आणि गेज तुमचं स्वतःचं असू द्या.